बॅटरीवरचा झोका : जोडणी, वापर आणि दुकानदाराची जबाबदारी

खेळणी, स्टील फर्निचर किंवा इलेक्ट्रिक सामानाचे दुकान चालविणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंकडे आता एक नवे गिऱ्हाईक येते. त्याला बाळासाठी 'आपोआप हलणारा पाळणा' हवा असतो. घरी पहिले नातवंड झालेले असते, अकिक्याची तारीख ठरलेली असते, आणि माहेरच्या मंडळींना पाळणा पाठवायचा असतो. पूर्वी अशा वेळी सुताराकडे सागवानी पाळण्याची ऑर्डर जाई. आता गिऱ्हाईक मोबाईलवर चित्र दाखवून "हेच पाहिजे" म्हणते. दुकानदार लातूर, सोलापूर किंवा हैद्राबादच्या बेगम बाजारातून खोके आणवतो आणि पोऱ्याला सांगून अर्ध्या तासात जोडून देतो. काही ठिकाणी तर खोकेही येत नाही. गल्लीतला वेल्डर स्टँड बनवतो, मोटर रिवाइंडिंगवाला मोटर बसवतो, शिंपी झोळी शिवतो, आणि माल तयार होतो.

धंदा म्हणून यात वावगे काही नाही. पण या वस्तूत तीन महिन्यांचे लेकरू बसणार आहे. पंखा बिघडला तर घरातले उकाड्याने हैराण होतील, झोका बिघडला तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून हा झोका चालतो कसा, जोडायचा कसा, गिऱ्हाइकाला काय सांगायचे आणि कायदा कोणाला जबाबदार धरतो, हे आम्ही येथे जरा विस्ताराने मांडत आहोत.

माळवद गेले, स्टँड आला

आपल्या मराठवाड्यात झोळी बांधायला कधी अडचण नव्हती. माळवदाच्या घरात जाडजूड लाकडी सर असत. आजीचे जुने लुगडे किंवा आजोबांची लुंगी सरावरून टाकली, गाठ मारली की झोळी तयार. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने याच औसा तालुक्यातली आणि शेजारच्या उमरगा भागातली दगडमातीची, जड माळवदाची घरे जमीनदोस्त केली. त्यानंतर नवी घरे विटा, सिमेंट आणि स्लॅबची झाली, नाहीतर पत्र्याची. स्लॅबला गाठ मारता येत नाही, आणि पत्र्याखालचा अँगल वा पाईप हलत्या वजनासाठी बसवलेला नसतो. पायांवर उभा राहणारा स्टँडचा पाळणा घरोघर दिसू लागला, त्यामागे हेही एक कारण आहे असे आम्हाला वाटते. पुढे भारनियमनाची वर्षे आली. पंख्याखाली निजलेले बाळ वीज जाताच उठे, आणि हाताने झोका देता देता आईचा खांदा भरून येई. बॅटरीवर हलणाऱ्या झोक्याची गरज अशी घरातूनच आली आहे, तिला थेर म्हणून नावे ठेवू नयेत.

बाजारात आज दोन जातीचे माल आहेत. एक खोक्यात येणारा, खुर्चीसारखी बैठक असलेला, पुढे-मागे किंवा डावी-उजवीकडे झुलणारा. दुसरा आपल्या झोळीचाच सुधारलेला अवतार, म्हणजे वर स्प्रिंग, तिला मोटर, खाली कापडी झोळी, आणि हालचाल वर-खाली. दोन्हींचे शास्त्र वेगळे आहे. कारागिराने ते समजून घेतले तर निम्म्या तक्रारी दुकानातच संपतील.

मोटर बाळाला उचलत नाही

खुर्चीचा झोका हा लंबक आहे, जुन्या भिंतीवरच्या घड्याळातला असतो तसा. त्याचा एक हेलकावा किती वेळात पुरा होईल हे टांगलेल्या दांड्याच्या लांबीवर ठरते, बाळाच्या वजनावर नाही. दांडा ६० सेंटिमीटरचा असेल तर एक पूर्ण हेलकावा सुमारे दीड सेकंदात होतो, एक मीटरचा असेल तर दोन सेकंदांत. मोटरचे काम फक्त प्रत्येक हेलकाव्याला योग्य वेळी हलकासा धक्का देण्याचे. हवा आणि बेअरिंग जेवढी शक्ती खातात तेवढीच ती भरून काढते. म्हणूनच चार मोठ्या सेलवर, म्हणजे अवघ्या सहा व्होल्टवर, सात-आठ किलोचे मूल झुलू शकते. आणि म्हणूनच असे बरेच झोके बटण दाबल्यावर आपणहून सुरू होत नाहीत. पहिला हलका झोका हाताने द्यावा लागतो. "नवीनच आहे आणि चालत नाही" म्हणून माल परत घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी काहींना एवढे दाखविले तरी ती समाधानाने घरी जातील.

स्प्रिंगचे गणित उलटे आहे. तेथे वजन महत्त्वाचे. बाळ ठेवल्यावर स्प्रिंग किती खाली येते ते पट्टीने मोजावे. पाव मीटर, म्हणजे साधारण वीतभर, खाली आली तर ती सेकंदाला एक अशा गतीने वर-खाली होईल. ती बोटभरच खाली आली तर स्प्रिंग त्या बाळाला फार कडक आहे, आणि झोळी हलण्याऐवजी हादरेल. तान्ह्या बाळाची मान असे हादरे सोसण्याइतकी बळकट नसते. तीन किलोच्या आणि दहा किलोच्या लेकराला एकच स्प्रिंग देणे म्हणजे सायकलला ट्रकचा पाटा बसविण्यासारखे आहे. दुकानात दोन-तीन मापांच्या स्प्रिंगा ठेवाव्यात, आणि प्रत्येक स्प्रिंग किती किलोपासून किती किलोपर्यंत चालेल ते तिला चिठ्ठी बांधून लिहावे.

खोक्यातला झोका जोडताना

सर्वप्रथम खोके रिकामे करून सगळे भाग चादरीवर मांडावेत आणि माहितीपत्रकातील यादीशी ताडून पाहावेत. एखादा बोल्ट कमी निघाला तर डब्यातला 'साधारण तसाच' बोल्ट लावू नये. लांबीने जास्त बोल्ट बैठकीच्या आत टोक काढतो, कमी लांबीचा नटाचे आटे पुरे धरत नाही. अशा वेळी पुरवठादाराकडून तोच भाग मागवावा, गिऱ्हाइकाला दोन दिवस थांबायला सांगावे.

पायांचे पाईप एकमेकांत घालताना एक छोटे स्प्रिंगचे बटण भोकातून बाहेर येते आणि 'टक्' असा आवाज होतो. आवाज आला म्हणून खात्री धरू नये. बटण पूर्ण बाहेर आले आहे का ते बोटाने चाचपावे, नंतर दोन्ही हातांनी पाईप ओढून पाहावा. अर्धवट बसलेले बटण पहिले काही दिवस दगा देत नाही, झुलून झुलून ते आत सरकते आणि मग एके दिवशी पाय निसटतो. जोडणीतली ही सर्वांत घातक चूक आहे, कारण डोळ्यांना सारे ठीकठाक दिसते.

बैठकीचे कापड दांड्यांवर चढविल्यावर पट्टे ओढून पाहावेत. पाच टोकांचा पट्टा, म्हणजे दोन खांद्यांवरून, दोन कमरेकडून आणि एक पायांमधून येणारा, सर्वांत चांगला. फक्त कमरेचा पट्टा असलेला माल आम्ही तरी घेऊ नका असेच सांगू, कारण बाळ खाली घसरून त्याच पट्ट्यात मानेने अडकू शकते. बकल लावून जोरात झटका द्यावा, दहा वेळा लावून दहा वेळा उघडावे. कुठे कर्रकर्र करत असेल तर तो नग बाजूला काढावा.

सेलची पेटी स्क्रूने बंद होणारी असावी. थोरल्या भावंडांच्या हाती सेल लागू नयेत म्हणून तो स्क्रू आहे, कटकट म्हणून तो फेकून देऊ नये. झोक्याबरोबर रिमोट येत असेल तर त्यात बहुधा रुपयासारखा चपटा सेल असतो. हा सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतून भाजून काढतो. रिमोटचे झाकण स्क्रूचे नसेल तर रिमोट दुकानातच काढून ठेवावा, गिऱ्हाईक रागावले तरी चालेल.

जोडून झाल्यावर झोका सपाट फरशीवर ठेवून त्यात दहा किलो तांदळाची पिशवी पट्ट्याने बांधावी आणि निदान अर्धा तास चालवावा. चारही पाय जमिनीला टेकून राहतात का, एखादा पाय प्रत्येक हेलकाव्याला उचलला जातो का, गिअरपेटीतून आवाज येतो का, हे पाहावे. आवाज येतो म्हणून प्लॅस्टिकच्या गिअरवर खोबरेल, घासलेट किंवा इंजिन ऑइल सोडण्याची सवय सोडावी. काही जातीचे प्लॅस्टिक अशा तेलाने तडकते. सिलिकॉन ग्रीस थोडेसे लावावे.

गल्लीत बनणारा पाळणा

आता आमच्या वेल्डर, सुतार आणि मोटर मिस्त्री बंधूंसाठी. गावात बनलेला स्टँड खोक्यातल्या स्टँडपेक्षा मजबूत असू शकतो, नव्हे, अनेकदा असतोच. पण मजबूत पाईप आणि सुरक्षित पाळणा या दोन गोष्टी एक नाहीत.

झुलणारे वजन उभ्या वजनापेक्षा जास्त ताण देते. झोका ३० अंशांपर्यंत जात असेल तर तो खालच्या टोकाला येताना कडीवर वजनाच्या सव्वापट ओढ पडते. त्यात थोरले भावंड लोंबकळणार, हेही धरूनच चालावे. म्हणून दहा किलोच्या बाळासाठी बनविलेला स्टँड ४० किलोचे वाळूचे पोते टांगून, झुलवून, तासभर तपासल्याशिवाय दुकानाबाहेर काढू नये. सोयाबीन आणि तुरीच्या या मुलखात वजनाला पोते मिळत नाही असे कोणी म्हणणार नाही.

वरची कडी उघड्या एस आकाराची नसावी. वर-खाली हलणाऱ्या झोळीत असा हूक उसळून निसटतो. तोंड बंद होणारी शॅकल किंवा स्क्रूची कडी वापरावी, आणि प्रत्येक नट नायलॉक असावा, नसेल तर दुसरा चेकनट लावावा. कंपनाने साधा नट सुटतोच सुटतो.

स्प्रिंगविषयी हिशेब करून पाहा. सेकंदाला एक हेलकावा आणि दिवसाला दोन तास वापर, म्हणजे दिवसाला ७,२०० हेलकावे. सहा महिन्यांत जवळजवळ तेरा लाख. स्प्रिंग मधे क्वचित तुटते, ती तुटते टोकाच्या आकड्यापाशी, जेथे तार वळविलेली असते. यावर उपाय स्वस्त आहे. स्प्रिंगच्या पोटातून एक मजबूत नायलॉनची दोरी किंवा साखळी वरच्या कडीपासून खालच्या कडीपर्यंत घ्यावी. तिची लांबी स्प्रिंग पूर्ण ताणल्यावर होते त्यापेक्षा किंचित जास्त ठेवावी. स्प्रिंग तुटलीच तर झोळी दोरीवर राहील, फरशीवर आदळणार नाही. खर्च किरकोळ, आणि ही दोरी नसलेला पाळणा आम्ही कोणालाही घेऊ देणार नाही. स्प्रिंगवर कापडाची नळी शिवून चढवावी, म्हणजे बोटे चिमटणार नाहीत. ते काम शिंप्याचे. शिंप्याने आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. शिवण दुहेरी असावी, आणि लोंबणारा कोणताही बंद वीतभरापेक्षा लांब नसावा.

ज्यांना स्टँड नको, स्लॅबलाच टांगायचे आहे, त्यांनी पंख्याच्या हुकाकडे नीट पाहावे. स्लॅब ओतताना गजाला अडकवून बसविलेला हूक चांगला. नंतर भोक पाडून बसविलेला फास्टनर कोणी, किती खोल बसवला हे माहीत नसेल तर त्याच्यावर लेकरू टांगू नये. पत्र्याच्या अँगलवर तर मुळीच नाही.

रंगाचे एक. बाळ दांडा चाटणार, चावणार. घरगुती व सजावटीच्या रंगात शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसे छापलेले असते. यंत्रांना मारायचा औद्योगिक रंग स्वस्त पडतो म्हणून पाळण्याला वापरू नये. वेल्डिंगचे खडे घासून काढावेत आणि पाईपची उघडी तोंडे टोप्यांनी बंद करावीत.

सेल, बॅटरी आणि भिंतीतली वीज

मोटर मिस्त्री बरेचदा भंगारातल्या मोटारीची वायपर मोटर काढून पाळण्याला बसवितात. कल्पना हुशारीची आहे. त्या मोटरला गिअर असतो, ताकद भरपूर असते, आणि ती १२ व्होल्टवर चालते. अडचण अशी की ती पाळण्यासाठी गरजेपेक्षा फार दांडगी आहे. खोक्यातल्या झोक्यात बाळाचा हात मधे आला तर मोटर थांबते. वायपर मोटर थांबत नाही, ती हात ओढून नेते. वापरायचीच असेल तर मोटर आणि तिचा दांडा पेटीत बंद करावा, जोर मर्यादित राहील अशी सरकती जोडणी ठेवावी आणि बाळाच्या हाताला ती पोहोचणार नाही इतक्या उंचीवर बसवावी. वीजही ती जास्त खाते. तीन अँपिअर धरले तरी फवारणी पंपातली सात-आठ अँपिअर-तासाची बॅटरी दोन-अडीच तासांत उतरेल. पाळण्याला पुरेल अशी लहान गिअर मोटर नवी घेणे शेवटी स्वस्तच पडते.

बॅटरी १२ व्होल्टची आहे म्हणून धोका नाही हा समज चुकीचा आहे. शॉक लागणार नाही हे खरे, पण तारा एकमेकींना टेकल्या तर हीच बॅटरी इतका प्रवाह सोडते की तार लालबुंद होऊन कापड पेटू शकते. म्हणून बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत फ्यूज हवाच. बॅटरी बाळाखाली न ठेवता बाजूला, झाकणाच्या पेटीत ठेवावी. चार्जिंग पाळण्यापासून दूर आणि उघड्या हवेत करावे, कारण शिशाच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू सुटू शकतो. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले लिथियमचे सेल जोडून पॅक बनविण्याचा उद्योग काही ठिकाणी चालतो. तो बाळाच्या पाळण्यासाठी तर करूच नये. लिथियमच्या सेलवर आणि चार्जिंगच्या अॅडॉप्टरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा.

२३० व्होल्टची तार थेट पाळण्यावर आणणे ही गोष्ट आम्ही एका शब्दात निकालात काढतो : नको. अॅडॉप्टर भिंतीतल्या प्लगवर राहावा आणि त्याची बारीक तार बाळाच्या हाताला लागणार नाही अशी पायाला बांधून घ्यावी. परदेशातील नातेवाइकांनी झोका आणला असेल तर अॅडॉप्टरवरचा आकडा आधी वाचावा. '१०० ते २४०' लिहिले असेल तर हरकत नाही. नुसते '१२०' असेल तर आपल्याकडे तो प्लगमध्ये घालताच जळेल.

साध्या सेलचेही काही नियम आहेत. नवे-जुने सेल एकत्र घालू नयेत, साधे आणि अल्कलाइन एकत्र घालू नयेत. चार्ज होणारे सेल दीडऐवजी १.२ व्होल्टचे असतात, म्हणून चार मिळून सहाऐवजी ४.८ व्होल्टच देतात. त्यांवर झोका मंद चालला तर तो दोष झोक्याचा नव्हे. झोका माळ्यावर टाकण्याआधी सेल काढावेत. अल्कलाइन सेल पाझरून पांढरी बुरशी आली असेल तर हातमोजे घालून थोड्या व्हिनेगरने किंवा लिंबाच्या रसाने पुसावी, कोरडी करावी, मग पत्ती बारीक पॉलिश पेपरने घासावी. मेलेली शिशाची बॅटरी फोडून शिसे काढणे जिवाला घातक आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती अधिकृत संकलनातच गेली पाहिजे, आणि नवी घेताना जुनी परत दिली तर तिचे पैसेही मिळतात.

झोका हा बिछाना नव्हे

येथवर लोखंड आणि विजेचे झाले. खरा धोका मात्र चांगल्या, न मोडलेल्या, व्यवस्थित चालणाऱ्या झोक्यातही असतो, आणि तो दुकानदाराने गिऱ्हाइकाला सांगितलाच पाहिजे.

तान्ह्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने जड असते आणि मान कच्ची असते. तिरप्या बैठकीत झोप लागली की डोके पुढे झुकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची नळी दुमडते. बाळ ओरडत नाही, हातपाय झाडत नाही. शेजारी बसलेल्या आईला ते शांत झोपले आहे असेच वाटते. झोका चालूच असतो.

ही भीती कागदावरची नाही. अमेरिकेत फिशर-प्राइस कंपनीने एप्रिल २०१९ मध्ये आपली तिरपी झोपण्याची 'रॉक अँड प्ले' ही सुमारे ४७ लाख आसने बाजारातून परत बोलाविली. तोवर त्यांत ३० हून अधिक बालकांचे मृत्यू नोंदले गेले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच कंपनीच्या 'स्नूगा' या झोक्यांवर तशीच पाळी आली. २० लाखांहून जास्त झोके, आणि २०१२ ते २०२२ या काळात एक ते तीन महिन्यांच्या पाच बालकांचे मृत्यू. त्यांना झोक्यात झोपविलेले होते. झोका मोडला नव्हता. बैठकीतली मऊ डोक्याची उशी आणि अंगाभोवतीची गादी काढून टाका, आणि झोक्यात बाळाला झोपवू नका, असे तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने सांगितले. त्याआधी २०२२ साली फोरमॉम्स कंपनीचे 'मामारू' झोके परत बोलाविले गेले होते, सुमारे २० लाख. त्यांचा दोष वेगळा होता. झोका रिकामा असताना पट्टे खाली लोंबत, आणि रांगणारे मूल त्यांत मानेने अडकले. दहा महिन्यांचे एक बाळ त्यात दगावले. अमेरिकेने २०२२ मध्ये कायदाच करून दहा अंशांपेक्षा जास्त तिरपी झोपण्याची आसने विकण्यास बंदी घातली.

एवढ्या मोठ्या कारखान्यांच्या, तपासून निघालेल्या मालाची ही गत, तर आपण पाईप वाकवून बनविलेल्या मालाविषयी किती जपावे? आम्ही घाबरवायला हे लिहीत नाही. यातून काढण्याचा नियम सोपा आहे. झोका बाळ जागे असताना रमविण्यासाठी आहे. झोप लागली की पट्टा सोडून बाळाला उचलावे आणि सपाट, कडक गादीवर उताणे ठेवावे. मान धरू लागेपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांपर्यंत, बैठक जितकी आडवी होते तितकी आडवी ठेवावी. वेग सर्वांत कमी ठेवावा. एका वेळी पंधरा-वीस मिनिटे पुरे. आणि मोठे माणूस त्याच खोलीत, बाळ दिसेल असे असावे. स्वयंपाकघरातून कान देणे पुरत नाही.

"आमची सगळी लेकरे झोळीतच झोपली" असे आजीबाई म्हणणार. त्यांना उलट उत्तर देण्याची गरज नाही. झोळी हाताने हलत होती, आणि दोरी धरलेल्या माणसाचे लक्ष बाळाकडे होते. दोरी सोडली की झोळी थांबे. मोटर थांबत नाही, आणि मोटरला डोळे नसतात, एवढेच त्यांना सांगावे. तरी झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकत नाही ना, तोंडावर कापड आलेले नाही ना, हे तेथेही पाहायलाच हवे.

आपल्या घरांतल्या काही चालींकडेही पाहिले पाहिजे. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी ठेवतात, ती झोक्यात नको. गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत झोक्यात बसविताना काढून ठेवावा, कारण तो बकलात वा कापडाच्या कडेत अडकला तर फास बसतो. पाळण्यावर लटकविलेले खेळणे लांब दोरीचे नसावे. दुपट्यात घट्ट गुंडाळलेले बाळ झोक्यात ठेवू नये, कारण पायांमधला पट्टा त्याला लावताच येत नाही. झोका नेहमी जमिनीवर असावा, पलंगावर किंवा टेबलावर नाही. आणि बाळ स्वतः उठून बसायचा वा बाहेर चढायचा प्रयत्न करू लागले, किंवा माहितीपत्रकातले वजन गाठले, की झोक्याचे दिवस संपले. खोक्यातल्या बहुतेक झोक्यांची मर्यादा अकरा किलोच्या आसपास असते.

कायदा कोणाला धरतो

आमच्यातले पुष्कळ व्यापारी समजतात की माल कंपनीचा आहे, मी फक्त विकतो. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये तसे नाही. त्यातील कलम २(३६) प्रमाणे दुसऱ्यांनी बनविलेले भाग जोडणारा हाही 'निर्माता' आहे. दुसऱ्याच्या मालावर आपले नाव लावणाराही निर्माता आहे. म्हणजे वायपर मोटर, बाजारची स्प्रिंग आणि आपला स्टँड जोडून 'अमुक क्रेडल' अशी पट्टी चिकटविणारा आमचा वेल्डर बंधू कायद्याच्या नजरेत कारखानदार ठरतो.

नुसत्या विक्रेत्याविषयी कलम ८६ आहे. मालात फेरफार केला आणि त्यामुळे इजा झाली, जोडताना वा तपासताना योग्य काळजी घेतली नाही, निर्मात्याच्या सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोहोचविल्या नाहीत, तर विक्रेता जबाबदार. आणखी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. माल कोणी बनविला हेच कळत नसेल, किंवा त्या निर्मात्यापर्यंत नोटीस पोहोचत नसेल, तरीही विक्रेताच जबाबदार. बिलाशिवाय आणलेल्या बिननावाच्या खोक्यात जो फायदा दिसतो त्याची किंमत अशी असते. दुरुस्ती करणाऱ्यालाही कलम ८५ खाली उत्तर द्यावे लागू शकते. आणि गिऱ्हाइकाला तक्रारीसाठी दिल्लीला जावे लागत नाही. ते जेथे राहते तेथील जिल्हा आयोगात, म्हणजे औशाच्या गिऱ्हाइकाला लातूरलाच, दाद मागता येते.

म्हणून खरेदी पक्क्या बिलाने करावी आणि निर्मात्याचे नाव-पत्ता नसलेला माल घेऊ नये. माहितीपत्रक चिनी किंवा इंग्रजीत असेल तर त्यातील सूचना मराठीत लिहून घ्याव्यात, गिऱ्हाईक उर्दू वाचणारे असेल तर उर्दूत. विकलेल्या प्रत्येक झोक्याची वही ठेवावी, तीत तारीख, मॉडेल, स्प्रिंगचे माप आणि गिऱ्हाइकाचा फोन असावा. उद्या एखाद्या मालात दोष निघाला तर याच वहीवरून घरोघर फोन करता येईल. बिलावर बाळाचे कमाल वजन लिहावे आणि घेणाऱ्याची सही घ्यावी. सही घेतली म्हणजे जबाबदारी सुटली असे मात्र नाही.

सुतार, लोहार, शिंपी आणि खेळणी बनविणारे हे सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ धंद्यांत येतात. त्या योजनेत अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, आणि तारणाशिवाय पहिल्या टप्प्यात एक लाख व दुसऱ्या टप्प्यात दोन लाखांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने देण्याची तरतूद आहे. ड्रिल मशीन आणि चांगले पान्यांचे संच नसल्यामुळे बोल्टची भोके वेल्डिंगच्या दांडीने पाडणाऱ्यांनी त्याची चौकशी जरूर करावी.

पाळण्याच्या दांड्यावर, पुसली जाणार नाही अशी एक पट्टी लावावी. मजकूर आम्ही येथे देतो, ज्यांना हवा त्यांनी जसाच्या तसा छापून घ्यावा :

"हा झोका आहे, बिछाना नाही. बाळ झोपताच उचलून सपाट गादीवर उताणे ठेवा. पट्टा नेहमी लावा. बाळाला एकटे सोडू नका. उशी ठेवू नका, गळ्यात दोरा ठेवू नका. झोका जमिनीवरच ठेवा, लहान मुलांना हातभर दूर ठेवा. कमाल वजन ... किलो. दर आठवड्याला नट, कडी, स्प्रिंग आणि सुरक्षा दोरी तपासा. काही सैल वा तुटलेले दिसले तर वापर बंद करून दुकानात आणा."

शेवटच्या ओळीखाली दुकानाचे नाव आणि फोन नंबर असावा. वजनाची रिकामी जागा मात्र विकतानाच, गिऱ्हाइकासमोर, पक्क्या शाईने भरावी.